संगणक-शंका : व्हायरस गेला, पण विंडोज उठेना

प्रश्न : मुलाने एका खेळाचा क्रॅक (पैसे न भरता खेळ चालवणारी चोरटी फाइल) उतरवून घेतला. अँटिव्हायरसने साठ-सत्तर फाइली पकडल्या, आम्ही ‘सगळ्या डिलीट करा’ दाबले आणि रीस्टार्ट केला. तेव्हापासून कंपनीचा लोगो येतो, गोल फिरते, ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ लिहून येते आणि पुन्हा लोगो. दुकानदार म्हणतो, “अंकल, फॉर्मेट मारना पड़ेगा.” डेस्कटॉपवर आईच्या आवाजातले अभंग आहेत, दुसरी प्रत नाही. विंडोज १० आहे. काय करावे?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : फॉरमॅटला तूर्त नाही म्हणा. अभंग बहुधा जागच्या जागी आहेत. लोगो दिसतो त्याअर्थी मदरबोर्ड, रॅम आणि मॉनिटर धड आहेत. गोल फिरते त्याअर्थी डिस्कही वाचली जाते आहे. गाडी अडते ती विंडोजच्या स्वतःच्या फाइलींपाशी. व्हायरस अशा फाइलीत शिरला आणि अँटिव्हायरसला ती साफ करता आली नाही, की तो अख्खी फाइलच काढून टाकतो. मग सुरू होताना विंडोजला ती सापडत नाही. म्हणजे आजचा बिघाड व्हायरसपेक्षा त्याच्या साफसफाईचा असण्याची शक्यता जास्त.

इंटरनेटची केबल, प्रिंटर, पेनड्राइव्ह सगळे काढा. मग पहिले काम कॉपीचे, दुरुस्ती नंतर. स्टार्टअप रिपेअर, चेकडिस्क ही साधने डिस्कवर लिहितात, म्हणून हा क्रम उलटा करू नये.

शेजाऱ्यांच्या निरोगी संगणकावर किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या आणि रूफस हा फुकट प्रोग्राम वापरून त्यावर लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण वेगळी आणि फुकट प्रणाली) चढवा. पेनड्राइव्हवर आधीचे काही असेल तर ते पुसले जाते. आता आपला संगणक चालू करताच बूट मेनूची कळ दाबत राहा : डेल, लेनोवो आणि गिगाबाइटला एफ१२, एचपीला एफ९, असूसच्या बोर्डाला एफ८, एमएसआयला एफ११. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की मिंट थेट त्यावरूनच चालते. पडद्यावर ‘इन्स्टॉल’चे चिन्ह दिसेल, त्याला मात्र हात लावू नका. फाइल्समध्ये विंडोजची ड्राइव्ह उघडा, ‘यूझर्स’मध्ये आपल्या नावाच्या फोल्डरात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स मिळतील. ‘फक्त वाचता येईल’ असे आले तरी घाबरू नका, विंडोज अर्धवट झोपलेले असले की असे होते आणि कॉपीला तेवढे पुरते. बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) किल्ली मागितली तर ती ४८ अंकी असते. मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉग-इन करून पाहा, बहुतेकदा तिथे जपलेली असते.

बाहेरच्या हार्ड डिस्कवर फोटो, आवाजाच्या फाइली, पीडीएफ, वर्ड-एक्सेल एवढेच घ्या. टॅली असेल तर तिचा डेटा फोल्डर विसरू नका, तो ‘यूझर्स’मधल्या ‘पब्लिक’ फोल्डरात असू शकतो. नावाच्या शेवटी ईएक्सई, एससीआर, बॅट, व्हीबीएस असलेल्या फाइली आणि शॉर्टकट घेऊ नका. डाउनलोड्स तर तिथेच राहू द्या, रोग तिथूनच आला आहे. कॉपी झाल्यावर दोन-तीन अभंग दुसऱ्या संगणकावर वाजवून पाहा, मगच पुढे जा.

आता तपासणी. कॅस्परस्की रेस्क्यू डिस्क किंवा डॉक्टर वेब लाइव्हडिस्क फुकट मिळतात, त्याही अशाच पेनड्राइव्हवरून चालतात. विंडोज बंद असते, त्यामुळे व्हायरसला लपायला जागा राहत नाही. मोठ्या डिस्कला काही तास लागतात, रात्रीच लावून द्या. निकालात सापडलेल्यांची नावे नीट वाचा, पुढचा निर्णय त्यांवर आहे.

एखाद-दुसरा ट्रोजन (कामाच्या प्रोग्रामच्या वेषात आलेला घातक प्रोग्राम) निघाला तर दुरुस्ती करून पाहण्यात अर्थ आहे. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोजचा पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून सुरू करा आणि ‘इन्स्टॉल’ऐवजी ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’ निवडा. तिथल्या ट्रबलशूटमध्ये सिस्टिम रिस्टोअर आहे. आधीच्या तारखेचा बिंदू (विंडोजने तेव्हा जपून ठेवलेली आपली स्थिती) असेल तर तो वापरा. आपली कागदपत्रे त्यात बदलत नाहीत, पण संसर्ग झालेली फाइल परत येऊ शकते, म्हणून पुन्हा स्कॅन हवेच. बिंदू नसेल तर कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी. इथे हमखास चूक होते ती अशी : या पडद्यावर आपली सी ड्राइव्ह कधीकधी डी म्हणून दिसते. ‘डिर डी:’ लिहून विंडोज फोल्डर कुठे आहे ते आधी पाहा. डीवर असेल तर पुढील आज्ञा रोमन अक्षरांत टाइप करा, इथे उच्चार देत आहोत :

एसएफसी /स्कॅननाउ /ऑफबूटडिर=डी:\ /ऑफविनडिर=डी:\विंडोज

हरवलेल्या सिस्टिम फाइली ती परत बसवते. तरीही उठले नाही तर ‘बीसीडीबूट डी:\विंडोज’, याने बूटच्या नोंदी नव्याने लिहिल्या जातात.

पण स्कॅनच्या यादीत सॅलिटी किंवा व्हिरुट हे व्हायरस निघाले, तर दुरुस्तीचा नाद सोडा. हे एकेका ईएक्सई फाइलीत घुसतात, शेकडो फाइली बाधतात. तेव्हा दुकानदाराचेच खरे, फॉरमॅटच करावा लागतो; फक्त तो ज्या पद्धतीने करतो ती आम्हाला मान्य नाही. सी पुसायचा आणि ‘डेटा सेफ है’ म्हणत डी तसाच ठेवायचा, ही रीत. डीवर जुने सेटअप पडलेले असतात, त्यातले एक चालवले की चार दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. डेटा बाहेर घेतल्यावर सगळी पार्टिशन पुसा आणि कोऱ्या डिस्कवर विंडोज टाका. आधी अस्सल विंडोज १० होते तर त्याचे लायसन्स मदरबोर्डाशी जोडलेले असते, तीच आवृत्ती टाकली की नेटला जोडल्यावर सहसा आपोआप लागू होते. कुणी ॲक्टिव्हेटर (लायसन्सशिवाय विंडोज चालू करणारा चोरटा प्रोग्राम) चालवू लागला तर हात धरा. आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. बोर्डावर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला असेल तर याच खेपेला विंडोज ११ टाका.

प्रश्न : आमच्याकडेही व्हायरसच असावा. पंखा फिरतो, तीन वेळा बीप होते, पडदा काळा.
— रामबाग, इंदूर

उत्तर : व्हायरस नव्हे. विंडोज अजून चित्रातच आलेले नाही. बीपचा अर्थ बोर्डागणिक वेगळा, पण पहिला संशय रॅमवर. वायर काढा, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून ठेवा, रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी टोके पांढऱ्या खोडरबराने पुसा, चुरा झटका, क्लिप ‘टक्’ वाजेपर्यंत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डातच हवी, बोर्डावर नाही. तारीख दर वेळी मागे जात असेल तर सीआर२०३२ सेलही बदला.

प्रश्न : झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह आणला, सगळे फोल्डर शॉर्टकट झाले. मजकूर गेला का?
— तिलकनगर, इंदूर

उत्तर : गेला नाही, लपवला आहे. शॉर्टकटवर क्लिक मात्र करू नका, त्यानेच व्हायरस तुमच्या संगणकात शिरतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये (पेनड्राइव्ह ई असेल तर) ‘ॲट्रिब -एच -आर -एस /एस /डी ई:\*.*’ रोमनमध्ये लिहा. खरे फोल्डर दिसू लागतील, कधी एका बिननावाच्या फोल्डरात. कामाच्या फाइली काढून घ्या, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. पुढच्या वेळी झेरॉक्सवाल्याला पीडीएफ ईमेलने पाठवा.