वादळ आणि भूकंप निसर्गाचे, मग त्यात माणसं मेली तर भ्रष्टाचाराचा काय संबंध?

तुम्ही विचारलंय की वारा काही लाच घेऊन सुटत नाही, मग प्रत्येक दुर्घटनेनंतर लोक भ्रष्टाचाराच्या नावाने का ओरडतात. वाऱ्याचं बरोबर आहे. पण वाऱ्यासमोर जे उभं असतं ते कुणीतरी बांधलेलं असतं आणि त्यावर कुणाची तरी सही असते. मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे, म्हणून त्या सहीकडून सुरुवात करतो.

१३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरमध्ये पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग कोसळलं. १७ माणसं गेली. धुळीचं वादळ होतं हे खरं, वारा ताशी ८७ किलोमीटरच्या आसपास होता. पण मुंबईत डिझाइन करताना भारतीय मानकाप्रमाणे वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर धरायचा असतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे त्या दिवशीचा दाब मानकात धरलेल्या दाबाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही नव्हता. नियमाने बांधलेलं होर्डिंग त्या वाऱ्यात उभं राहायलाच हवं होतं. नंतर व्हीजेटीआय या मुंबईतल्या इंजिनीअरिंग संस्थेच्या तपासणीत दिसलं की हे होर्डिंग ताशी ४९ किलोमीटरपर्यंतचाच वारा पेलू शकत होतं. एवढा वारा मुंबईत पावसाळ्यात नेहमीच सुटतो. ते त्या दिवशी पडलं नसतं तर पुढच्या एखाद्या पावसाळ्यात पडलं असतं.

आता सहीचं बघा. पालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० फूट. हे क्षेत्रफळाने त्याच्या नऊपट, तेही लपवलेलं नाही, हायवेवरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसणारं. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली. पोलिसांची भूमिका अशी की इथे पालिकेची परवानगी लागत नाही. पालिका म्हणाली, आमची परवानगीच नव्हती, होर्डिंग बेकायदा आहे. रेल्वेने सांगितलं, जमीन आमची नाही. पुढे तत्कालीन लोहमार्ग पोलीस आयुक्त निलंबित झाले. पोलीस महासंचालक कार्यालयाची मान्यता न घेता होर्डिंगला परवानगी दिल्याचा ठपका त्यांच्यावर होता. स्टॅबिलिटी सर्टिफिकेट, म्हणजे बांधकाम भक्कम असल्याचा दाखला, देणारा इंजिनीअरही अटक झाला, आणि तो पालिकेच्याच पॅनेलवरचा होता. माझ्या पेशातल्या माणसाला ही गोष्ट फार लागते. त्या कागदावर सही करण्यापूर्वी पाया किती खोल आहे, खाली माती कसली आहे हे तरी बघायचं असतं.

पैसे कुणी कुणाला दिले हे न्यायालय ठरवील. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर निकालाची वाट न बघताही मिळतं. भ्रष्टाचार म्हणजे सिमेंट कमी घालणं, एवढंच आपल्या डोक्यात असतं. तेही होतंच, कारण बांधकाम हा असा धंदा आहे की काँक्रीट ओतलं की आतलं काही दिसत नाही. कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोकं १३५ अंशांत आत वळवायची असतात, म्हणजे भूकंपात रिंग उघडत नाही. साइटवर ती ९० अंशांत वळवून मोकळे होतात आणि तपासणारा गाडीतून उतरत नाही. पण त्याहून महागात पडतं ते दुसरंच. पैसे खाणाऱ्याला जबाबदारी धूसर ठेवावीच लागते. फाइल दोन खात्यांच्या मधे लटकत राहते, नोटीस जाते आणि पुढे कुणी विचारत नाही. दुर्घटनेआधी याच धूसरपणामुळे धोका वाढतो, आणि दुर्घटनेनंतर याच्याच आडोशाने सगळे सुटतात. घाटकोपरच्या मृतांच्या वारसांना ५ लाख जाहीर झाले, तेही सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून.

भूकंपाबद्दल आकडाच देतो. निकोलस अँब्रेसेस आणि रॉजर बिल्हॅम या भूकंपतज्ज्ञांनी २०११ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मांडलं की आधीच्या ३० वर्षांत भूकंपात इमारती कोसळून जे मेले, त्यातले ८३ टक्के अशा देशांत मेले जे स्वतःच्या उत्पन्नाच्या मानाने जास्त भ्रष्ट होते. २०१० चीच दोन उदाहरणं घ्या. हैतीचा भूकंप ७.० रिश्टरचा, मृतांचा सरकारी आकडा २ लाखांच्या वर. चिलीचा ८.८ चा, ऊर्जेने शेकडोपट मोठा, मृत्यू पाचशेच्या आसपास. चिलीत इमारतीच्या सांगाड्यात दोष निघाला तर ती पहिल्यांदा विकणारा १० वर्षं जबाबदार असतो. नाव आधीच ठरलेलं असलं की सळई मोजून बांधली जाते.

सगळ्याच मृत्यूंचं खापर मात्र लाचेवर फोडू नका. १९९३ ला किल्लारीत लोक मेले ते दगडमातीच्या जाड भिंतींखाली. तो भाग भूकंपाचा समजलाच जात नव्हता, आणि पक्कं घर बांधायची ऐपतही बहुतेकांची नव्हती. तिथे कुणी लाच खाल्ली नव्हती. २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला इमारत कोसळून ७४ माणसं गेली, ती गोष्ट वेगळी. ना भूकंप, ना वादळ. बांधकाम अनधिकृत, अवघ्या काही आठवड्यांत मजल्यावर मजले चढलेले. अटक झालेल्यांत बिल्डरांबरोबर पालिकेचे अधिकारी आणि पोलीसही होते.

तुमच्या भागात असं काही उभं असेल तर 'ते बेकायदा आहे का' असं विचारू नका, त्याला कुणीच सरळ उत्तर देत नाही. माहिती अधिकारात नेमका कागद मागा: स्टॅबिलिटी सर्टिफिकेटची प्रत, ते देणाऱ्याचं नाव आणि तारीख, आणि ज्या चाचणी अहवालावरून ते दिलं तो अहवाल. 'हा विषय आमच्या अखत्यारीत नाही' असं म्हणून अर्ज परत आला तर कलम ६(३) दाखवा. विषय दुसऱ्या खात्याचा असेल तर ५ दिवसांत अर्ज त्यांनीच तिकडे पाठवायचा असतो आणि तुम्हाला तसं कळवायचं असतं. ते कळवणारं पत्र जपून ठेवा, कारण जागा कुणाच्या अखत्यारीत आहे हे त्यांनी त्यात लेखी मान्य केलेलं असतं.