गरमागरम सूप पिऊन कोरियन माणूस 'थंड आहे' का म्हणतो?

तुम्ही विचारलंय की मालिकेतला म्हातारा वाफाळतं सूप ओरपून 'आऽ, शिवॉनहादा!' म्हणतो, आणि ॲपमध्ये तर त्याचा अर्थ 'गार, थंड' असा दिलाय. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. मीही यात एकदा तोंडावर पडलोय. एका कोरियन कंपनीत दुभाषी म्हणून नवीनच लागलो होतो. कँटीनमध्ये साहेबांनी मोड आलेल्या सोयाबीनचं सूप तोंडाला लावलं आणि हा शब्द उच्चारला. मी लगबगीने आत जाऊन आचाऱ्याला सांगितलं, 'साहेबांचं सूप निवलंय, गरम करून द्या.' साहेबांनी वाटी घट्ट धरून ठेवली आणि पोट धरून हसले.

हवा, पाणी, बिअर यांच्या बाबतीत शिवॉनहादा म्हणजे हवाहवासा गारवा. बोचरा गारठा नव्हे. त्याला 'छुप्ता' म्हणतात, आणि हाताला गार लागणाऱ्या वस्तूला 'छागप्ता'. पण शब्दाचा खरा जीव तापमानात नाहीच, तुंबलेलं मोकळं होण्यात आहे. पाठ खाजवून दिली, खांदे रगडले, सार्वजनिक न्हाणीघरात कढत पाण्यात उतरलं, की शिवॉनहादा. कोरियातला जुना विनोदच आहे: बाप कढत पाण्यात बसून 'शिवॉनहादा' म्हणतो, पोरगं विश्वासाने उडी मारतं, भाजतं आणि म्हणतं, जगात कुणाचा भरवसा उरला नाही!

सूपचंही तेच. मुळा, शिंपले, सुका मासा यांचं पातळ, स्वच्छ सूप घशाखाली उतरून छाती मोकळी करतं, म्हणून ते शिवॉनहादा. हाडं उकळून केलेल्या दाट, दुधाळ सूपला सहसा 'जिनहादा' म्हणतात. कोरियन प्रमाणकोशात खाण्याच्या संदर्भात थंड-ताजं आणि गरम-पण-आतून-मोकळं-करणारं हे दोन्ही अर्थ एकाच नोंदीत शेजारी शेजारी बसलेत.

मनाचं बोलायचं तर शिवॉनहादाच्या आधी 'सोक', म्हणजे आतला भाग, जोडतात. मनातलं बोलून टाकल्यावर 'सोगी शिवॉनहेयो', आपलं 'हुश्श, मोकळं वाटलं'. उलट घुसमट झाली की 'तापताप्हादा'.

माणसाला लावताना मात्र जपून. मराठीत 'थंड माणूस' म्हणजे हलवल्याशिवाय न हलणारा. कोरियनमध्ये शब्द दुहेरी करून 'शिवॉन-शिवॉनहादा' म्हटलं की नेमकं उलटं: मोकळाढाकळा, झटपट निर्णय घेणारा. आणि कुणी नोकरी सोडून चालला असताना नुसतं शिवॉनहादा म्हणालात तर 'सुटलो एकदाचे!' असा अर्थ निघेल. त्याऐवजी 'शिवॉन-सॉपसॉपहादा' वापरा, सुटल्यासारखंही वाटतंय आणि चुटपुटही लागलीय. मुलीचं लग्न लावून दिलेल्या बापाचीही अवस्था कोरियन लोक याच शब्दात सांगतात.

'शिवॉनछान्था' कानावर पडला तर तो मात्र नकार आहे: बेताचं, समाधान न देणारं. पगारवाढीबद्दल विचारल्यावर माझे साहेब एकदा हाच शब्द म्हणाले होते. त्या वेळी अर्थ लगेच कळला.