वाचकांचे प्रश्न : थंडीत हायब्रीड सुरू होताना का हादरते?

यंदाच्या थंडीत आलेल्या पत्रांपैकी हायब्रीड गाड्यांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. तक्रारीचा सूर एकच : सकाळी पहिल्यांदा इंजिन लागलं की गाडी थरथरते. पण पाच-दहा सेकंद हादरून थांबणं, मिनिटभर एकसारखा कंप येणं आणि गरम झाल्यावरही कंप राहणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. गॅरेजवाल्याला "सकाळी मिसिंग करते" (म्हणजे एखादा सिलिंडर पेटायचा चुकतो) एवढंच सांगितलंत, तर तो प्लग बदलून मोकळा होईल. सेकंद मोजा, कुलंटची पातळी पाहा आणि मगच गाडी दाखवायला न्या.

प्रश्न : आमची तीन सिलिंडरची १५०० सीसी स्ट्राँग हायब्रीड (नुसत्या बॅटरीवरही चालू शकणारी) एसयूव्ही नवीन आहे. पहाटे पारा ६-७ अंशांवर असतो. स्टार्टचं बटण दाबलं की थोड्या वेळात इंजिन आपणहून लागतं, मोठ्यानं चालतं, स्टिअरिंगला कंप जाणवतो आणि मिनिटभरात सगळं शांत होतं. बॅटरी भरलेली असताना इंजिन लागायचं कारण काय? काही बिघाड आहे का? (निफाड)

उत्तर : तुम्ही वर्णन केलंत तसंच असेल, तर बिघाड नाही. इंजिन त्या वेळी गाडी ओढण्यासाठी लागलेलं नसतं. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय धूर नीट साफ करत नाही, म्हणून तो लवकर तापवणं हेच त्या मिनिटाचं काम. त्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतो. पेट्रोल उशिरा जळतं, उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी एक्झॉस्टमध्ये जाते आणि इंजिन थोडं ओबडधोबड चालतं. आरपीएमही गरम आयडलिंगपेक्षा बरेच वर, बाराशे-तेराशेच्या आसपास असतात.

त्यात सिलिंडर तीन. बाराशे आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला ४० स्फोट होतात, तीन सिलिंडरमध्ये ३०. स्फोटांमधलं अंतर वाढलं की कंप जास्त जाणवणारच. थंडीत इंजिन फाउंडेशनचं रबरही कडक झालेलं असतं, त्यामुळे तो कंप थेट स्टिअरिंगपर्यंत येतो.

तरी दोन गोष्टी पाहून ठेवा. पहिली, ऑइलचा ग्रेड. या इंजिनांना पातळ ऑइल लागतं, मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असं लिहिलेलं असतं. "थोडं जाड टाकू, इंजिनला बरं" म्हणून कुणी १५डब्ल्यू-४० ओतलं असेल, तर थंडीतली खडखड त्याचीच. दुसरी, हा कंप एकसारखा आहे की मध्येच धक्का देऊन चुकणारा, हे नीट ऐका. एकसारखा असेल तर निर्धास्त राहा. चुकत असेल आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी तशीच पळवू नका. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो भाग महाग आहे.

प्रश्न : इथे २०१२ची वापरलेली टोयोटा प्रियस ही हायब्रीड घ्यायचा विचार आहे. किलोमीटर २ लाख १० हजार. या मॉडेलात थंडीत सुरू करताना इंजिन जोरात हादरतं आणि मग हेड गॅस्केटचा (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा) खर्च निघतो, असं बरेच जण सांगतात. घेण्याआधी काय तपासू? (टोरांटो)

उत्तर : तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे २०१० ते २०१५ च्या मॉडेलांबद्दल लोक सांगतात त्यात तथ्य आहे. गाडी एरवी चांगली आहे, बॅटरीही बऱ्यापैकी टिकते, पण १.८ लिटरच्या २झेडआर-एफएक्सई इंजिनाची ही दुखरी जागा आहे. आधीच्या पिढीच्या दीड लिटर इंजिनात नसलेली कूल्ड ईजीआर, म्हणजे जळालेला वायू थंड करून पुन्हा इंजिनात पाठवण्याची व्यवस्था, या इंजिनात आली. या वायूबरोबर काजळी येते आणि क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या भागातून) ऑइलची वाफ येते. दोन्ही मिळून ईजीआर कूलरच्या जाळीत आणि इनटेक मॅनिफोल्डमधल्या चार बारीक भोकांत डांबरासारखा थर धरतात. चारही भोकं सारखी बुजत नाहीत. ज्या सिलिंडरचं भोक बुजलं, त्याला थंड वायू मिळत नाही, तिथलं जळण जास्त तापतं आणि नॉकिंग होतं, म्हणजे पेट्रोल आपोआप भडकून खटखट होते. असं वर्षानुवर्षं चाललं की हेड गॅस्केट सिलिंडरच्या कडेनं बारीकसं फुटतं.

मग रात्री काय होतं ते पाहा. गाडी बंद केल्यावरही कुलंटमध्ये बराच वेळ दाब असतो. त्या दाबानं चमचा-दोन चमचे कुलंट फटीतून सिलिंडरमध्ये उतरतं आणि सकाळपर्यंत पिस्टनच्या माथ्यावर साचून राहतं. इंजिन लागलं की तो सिलिंडर पाच-पंधरा सेकंद पेटत नाही, गाडी गदागदा हलते, लोखंड आपटल्यासारखा आवाज येतो, एक्झॉस्टमधून पांढरी वाफ निघते आणि कुलंट उडून गेलं की सगळं ठीक होतं. तो आवाज ऐकून बेअरिंग गेलं असं वाटतं, पण बहुतेक वेळा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या डॅम्परच्या स्प्रिंग आदळत असतात.

आता तपासणी. विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगा की गाडी रात्रभर बंद राहू दे आणि ब्लॉक हीटर (इंजिन कोमट ठेवणारा विजेचा हीटर) लावू नको. हीटरनं कोमट केलेलं इंजिन हे दुखणं लपवू शकतं. पोहोचल्यावर बॉनेटखाली हात लावून पाहा. त्याहून पक्कं म्हणजे ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) लावा, फक्त इग्निशन चालू करा आणि कुलंटचं व आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे एकमेकांच्या दोन-तीन अंशांत आणि बाहेरच्या हवेच्या जवळपास हवेत. बाहेर उणे ५ आणि कुलंट ४० दाखवत असेल, तर एक तर गाडी मघाशीच तापवली आहे किंवा सेन्सर खोटं बोलतो आहे. सेन्सर खोटा असला तरी थंडीत मिसिंग होतं, कारण इंजिन गरम आहे असं समजून ईसीयू पेट्रोल कमी देतो.

कुलंट थंड असतानाच पातळी पाहा. खुणेच्या खाली असेल तर "वर्षभरात थोडं कमी होतंच" हे उत्तर मान्य करू नका, बंद यंत्रणेत ते कमी व्हायला नको. ऑइलच्या काडीवर दुधी रंग नसला म्हणून समाधान मानू नका, कारण इथे कुलंट ऑइलमध्ये जात नाही, सिलिंडरमध्ये जातं. मग ब्रेक दाबून गाडी रेडी करा (डॅशबोर्डवर रेडीचा दिवा लागेल), पार्कमध्येच ठेवा, इंजिन लागेपर्यंत थांबा आणि पहिले वीस सेकंद कान देऊन ऐका. जोरात हादरली तर लगेच बंद करा. सिलिंडरमध्ये कुलंट जास्त असेल, तर न दाबल्या जाणाऱ्या द्रवावर पिस्टन आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो. या हायब्रीडला वेगळा सेल्फ नसतो, इंजिन फिरवणारी मोटर चांगली ताकदवान असते, त्यामुळे ती द्रवाला न जुमानता इंजिन फिरवते. शेवटी साठवलेले कोड वाचा : पी०३०० ते पी०३०४ म्हणजे मिसफायर, पी०४०१ म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी. एकही कोड नाही, आणि स्कॅनर सांगतोय की कोड नुकतेच पुसले आहेत, तर तेही बरंच काही सांगून जातं.

एवढ्यातून गाडी पास झाली आणि तरी शंका असेल, तर गॅरेजमध्ये कूलिंगची प्रेशर टेस्ट करून घ्या. झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब द्यायचा, जास्त नाही, आणि काही तास तसाच ठेवायचा. मग प्लग काढून बोअरस्कोप, म्हणजे नळीवरचा बारीक कॅमेरा, आत घालायचा. तीन पिस्टन काळे आणि एक धुतल्यासारखा लखलखीत दिसला, की निदान झालं. कुलंटवरच्या हवेतून एक्झॉस्टचा वायू ओळखणारं निळं द्रव्यही मिळतं, वायू असेल तर ते पिवळं पडतं. मात्र गळती अगदी बारीक असेल तेव्हा ही चाचणी चुकते, म्हणून आमचा भर बोअरस्कोपवर.

गॅस्केट शाबूत असेल आणि ईजीआर कधीच साफ केलेलं नसेल, तर गाडी घेऊन पहिलं काम तेच करा. कूलर इंजिनच्या मागे, काचेच्या बाजूला आहे. वायपर आणि त्याखालचा पत्रा उतरवावा लागतो, थोडं कुलंट काढावं लागतं. कूलर डिग्रीझरमध्ये भिजवून गरम पाण्यानं धुवा, एका तोंडातून ओतलेलं पाणी दुसरीकडून न अडता वाहेपर्यंत. नुसता ईजीआर व्हॉल्व्ह पुसून कूलर आणि मॅनिफोल्डची भोकं तशीच ठेवली, तर पैसे वाया. ईजीआर आणि मॅनिफोल्डच्या सांध्यांवरची गॅस्केट सगळी नवीन टाका. पुढे दर ८० हजार ते एक लाख किलोमीटरला हे करावं, असं आम्ही सुचवू. आणि बाटलीतून ओतायचं गळती बंद करणारं औषध मात्र टाकू नका. या गाडीचा पाण्याचा पंप इलेक्ट्रिक आहे. ते औषध पंप, हीटरची जाळी आणि नुकताच धुतलेला कूलर तिन्ही चोंदवतं.

प्रश्न : गाडी "स्मार्ट हायब्रीड" आहे. दिल्लीच्या थंडीत सकाळी चालू करताना आधी रडल्यासारखी फिरते, मग अर्धा मिनिट अडखळते, कधी पट्ट्याचा चिरका आवाज येतो. हायब्रीड बॅटरी गेली का? (दिल्ली)

उत्तर : या माइल्ड हायब्रीडला वरची उत्तरं लागू नाहीत. सिग्नलला बंद झालेलं इंजिन पुन्हा लावायचं काम पट्ट्यावरचा जनरेटर करतो, पण सकाळचं पहिलं थंड स्टार्टिंग साध्या सेल्फनं आणि साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर होतं. म्हणजे दुखणं नेहमीचंच. रात्रभर उभ्या गाडीत मीटरनं व्होल्टेज बघा : १२.६ उत्तम, १२.२ म्हणजे निम्मी चार्ज. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल, तर बॅटरी बदला. चिरका आवाज पट्टा सैल किंवा काचेसारखा गुळगुळीत झाल्याचा. त्यावर साबण, पावडर, स्प्रे काही मारू नका, पट्टा आणि टेन्शनर बदला.

प्रश्न : घर ते ऑफिस तीन किलोमीटर. हायब्रीड जास्त करून बॅटरीवरच चालते. आता थंडीत इंजिन लागलं की अडखळतं आणि ऑइलच्या झाकणाखाली पिवळट फेस दिसतो. हेड गॅस्केट गेलं म्हणतात. (नागपूर)

उत्तर : घाई करू नका. तीन किलोमीटरमध्ये इंजिन पुरतं तापतच नाही. जळणातून आलेली पाण्याची वाफ झाकणाखाली थंड होऊन ऑइलशी घुसळली जाते, त्याचा हा फेस. काडीवरचं ऑइल स्वच्छ आणि कुलंटची पातळी स्थिर असेल, तर गॅस्केटला दोष देऊ नका. काडीवर पातळी वाढत असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. किलोमीटर पुरे झाले नसले तरी ऑइल आताच बदला.

अडखळण्याचं कारण टाकीतही असू शकतं. इतकं कमी चालवलं की भरलेलं पेट्रोल दोन-तीन महिने पुरतं. त्याचे चटकन वाफ होणारे घटक उडून जातात आणि थंड इंजिन पेटायला नेमके तेच लागतात. इथेनॉलचं मिश्रण हवेतली ओल शोषतं, हे आणखी. टाकी फुल करू नका, महिन्यात संपेल एवढंच भरा आणि आठवड्यातून एकदा हायवेला सलग ३०-४० मिनिटं गाडी न्या.

प्रश्न : मी मेकॅनिक आहे. हायब्रीड गाडी गरम झाली की इंजिन बंद होतं, आयडलिंग तपासायचं कसं? (कोल्हापूर)

उत्तर : प्रियसमध्ये मेंटेनन्स मोड आहे. ब्रेकला पाय न लावता पॉवर बटण दोनदा दाबून इग्निशन चालू करा. मग ६० सेकंदांच्या आत : पार्कमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दोनदा, ब्रेक दाबून न्यूट्रलमध्ये दोनदा, पुन्हा पार्कमध्ये दोनदा. पडद्यावर मेंटेनन्स मोड आल्यावर ब्रेक दाबून स्टार्ट करा, इंजिन हजार आरपीएमच्या आसपास चालू राहील. या मोडमध्ये गाडी रस्त्यावर न्यायची नाही. इतर गाड्यांत क्रम वेगळा असतो, तो त्यांच्या मॅन्युअलमधून घ्या.

गरम आयडलिंगला फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) वाचा. अधिक-उणे ५ टक्क्यांत असेल तर बरं. अधिक १० च्या वर असेल आणि रेस केल्यावर उतरत असेल, तर हवा बाहेरून शिरते आहे. मॅनिफोल्डचं गॅस्केट थंडीत आकसून फट देतं आणि गरम झाल्यावर बसतं, म्हणून ही गळती दुपारी सापडत नाही, सकाळी शोधा. कंपनीच्या स्कॅनरमध्ये कॉम्प्रेशन टेस्टचा वेगळा पर्याय असतो. सेल्फ नसल्यानं जुन्या पद्धतीनं ती करता येणार नाही.

प्लग, कॉइल किंवा थ्रॉटल बॉडीला हात लावण्याआधी पॉवर बंद, चावी गाडीपासून लांब आणि बारा व्होल्टची निगेटिव्ह काढलेली हवी. रेडी स्थितीत इंजिन न सांगता लागतं. नारिंगी (हाय व्होल्टेज) वायरींच्या वाटेला प्रशिक्षण नसताना जाऊ नका.

प्रश्न : सकाळी गाडी उभी ठेवून किती मिनिटं तापवावी? (पुणे)

उत्तर : पुण्याच्या थंडीत अजिबात नाही. रेडी झाली, काच पुसली, की निघा. पहिले दोन-तीन किलोमीटर अ‍ॅक्सिलरेटर हलका ठेवा. उभ्या गाडीत इंजिन उगाच तापवत बसलात, तर पेट्रोल जातं आणि मागच्या नागपूरच्या पत्रातला फेसही वाढतो.