झाडांचे नमुने गोळा करताना सगळ्या नोंदी मोबाईल अ‍ॅपवर केल्या तर चालतं का? वही सोडून देऊ का?

तुम्ही लिहिलंय की प्रोजेक्टसाठी हर्बेरियमचे, म्हणजे दाबून सुकवून कागदावर जपायचे नमुने गोळा करायचेत, नेट नसलेल्या भागात जायचंय, आणि कुठलं अ‍ॅप घ्यावं नि त्यात काय काय भरावं ते कळत नाहीये. चालतं, नक्की चालतं, मी स्वतः नोंदी अ‍ॅपवरच करतो. पण आधी अ‍ॅप शोधू नका, आधी नंबर ठरवा.

म्हणजे संग्राहक क्रमांक. तुम्ही तोडलेल्या प्रत्येक नमुन्याला तुमचा एक नंबर, आणि तो चालू ठेवायचा, नवीन वर्ष लागलं किंवा नवीन प्रोजेक्ट आला म्हणून परत 1 पासून सुरू करायचा नाही. एकाच झाडाच्या एकाच वेळी तोडलेल्या चार फांद्या असतील तर चौघींना एकच नंबर, पण तीच जात पुढच्या टेकडीवर परत घेतली तर नवा नंबर. हा नंबर कागदी टॅगवर पेन्सिलने लिहून फांदीला बांधायचा, पेनाने नाही, कारण शाई ओलीत पसरते आणि पेन्सिल राहते. टॅग बांधल्यावरच मोबाईल खिशातून काढायचा. अ‍ॅपमधली नोंद कितीही छान असली तरी ती कुठल्या फांदीची आहे हे सांगणारा दुवा फक्त तो टॅग असतो, तो गेला की हातात सुकलेला पाला आणि मोबाईलमध्ये अनाथ माहिती. त्यामुळे वही नाही नेली तरी टॅग आणि पेन्सिल लागणारच.

आता अ‍ॅप. एपिकलेक्ट5, ओडीके कलेक्ट, कोबोकलेक्ट ही तिन्ही नेट नसताना चालतात, फॉर्म आधी डाउनलोड करून ठेवायचा आणि रेंज आली की नोंदी पाठवायच्या. ओडीके आणि कोबोचा फॉर्म एक्सेलच्या शीटमध्ये लिहून बनवता येतो, मला तेच सोयीचं वाटतं, कारण संग्राहकाचं नाव, परवानगीचा क्रमांक असल्या गोष्टी मागच्या नोंदीवरून आपोआप भरून येतील असं करता येतं. आयनॅचरलिस्ट हे अ‍ॅप चांगलंच आहे, पण ते निसर्गात काय दिसलं त्या निरीक्षणांसाठी आहे, नमुन्यांची मुख्य नोंदवही म्हणून मी ते वापरणार नाही.

फॉर्ममध्ये काय ठेवायचं याचं माझं उत्तर सोपं आहे, जे दाबून सुकवल्यावर नाहीसं होणार ते सगळं आधी. पानांची मांडणी, केस, फुलांची रचना सुकवलेल्या नमुन्यावर वर्षानुवर्षं दिसत राहते, ती नंतर निवांत भिंगाखाली बघता येईल. पण फुलाचा ताजा रंग, वास, पान तोडल्यावर चीक येतो का आणि कसला, झाडाची उंची, खोडाची साल, फांद्या पसरलेल्या की सरळ, जमीन कसली, सावली किती, शेजारी काय उगवलंय, हे त्या जागी लिहिलं नाही तर कायमचं गेलं, आणि पुढे जो कोणी ती जात ओळखायला बसेल त्याला नेमकं हेच हवं असतं. वृक्ष, झुडूप, वेल, रोपटं असल्या ठरावीक उत्तरांना यादीतून निवडायची सोय करा, रंग-वासाला मोकळं लिहायला जागा ठेवा. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, चिकासारख्या प्रश्नाला ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘तपासलं नाही’ असे तीन पर्याय ठेवा. रिकामा रकाना म्हणजे चीक नव्हता की कोणी बघितलंच नाही, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. सगळेच रकाने सक्तीचेही करू नका, पाऊस सुरू झाला की माणूस काहीही दाबून पुढे जातो आणि खोटी माहिती रिकाम्या जागेपेक्षा वाईट.

लोकेशनचं म्हणाल तर जीपीएसला नेट लागत नाही, फक्त नेट नसेल तर पहिल्यांदा उपग्रह पकडायला वेळ लागतो. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारण 5 मीटरपर्यंत अचूक असतो, दाट झाडीत किंवा घळीत बराच बिघडतो, म्हणून थोडं थांबायचं, स्क्रीनवरचा त्रुटीचा आकडा खाली येऊ द्यायचा, आणि अक्षांश-रेखांशासोबत तो मीटरमधला आकडाही साठवायचा. दशांशाची 5 स्थळं पुरे, पाचव्या स्थळाचा फरक म्हणजे अक्षांशात जेमतेम 1 मीटर, त्यापुढचे आकडे दिसायला भारी पण अर्थ काही नाही. लोकेशन झाडापाशी उभं राहूनच घ्या, नंतर सावलीत बसून फॉर्म भरला तर तुम्ही बसलात ती जागा नोंदली जाते. आणि आकड्यांबरोबर जागेचं वर्णन शब्दांतही लिहा, आकडा चुकला तर तेच उपयोगी पडतं.

फोटो काढताना पहिला फोटो टॅगसकट, मग पूर्ण झाड, मग फूल, पानाची खालची बाजू, साल. हे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे फोटो म्हणून पाठवून साठवू नका, त्यातली लोकेशनची माहिती निघून जाते. प्लांटनेटसारख्या अ‍ॅपने नाव सुचवलं तर ते ‘अ‍ॅपने सुचवलेलं’ अशा वेगळ्या रकान्यात टाका, ओळखीचा मुख्य रकाना रिकामा राहिला तरी काही बिघडत नाही, नंबर आहे ना. दुर्मिळ जात असेल तर नेमकी जागा उघड करू नका, आयनॅचरलिस्टसुद्धा धोक्यातल्या जातींचं लोकेशन मुद्दाम धूसर करून दाखवतं.

रोज संध्याकाळी नोंदींची एक प्रत फोनच्या बाहेर काढायची, लॅपटॉप नाहीतर पेनड्राइव्ह, काहीही. नंबरमध्ये आडवी रेघ ठेवू नका, 3-12 असं लिहिलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं आणि मग कुठला नमुना कुठला ते शोधत बसावं लागतं.

निघण्याआधी फोन फ्लाइट मोडवर टाकून जवळच्या पाच-सहा झाडांवर पूर्ण फॉर्म भरून बघा, उन्हात स्क्रीन दिसते का तेही कळेल, आणि एका झाडाला पाच-सात मिनिटांच्या वर लागत असतील तर रकाने कमी करा, चीक-रंग-वास सोडून बाकीच्यातले.