नैरोबीला यावं की नाही, आणि आलात तर काय बघावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नैरोबीत नोकरी मिळतेय, पगार बरा आहे, पण नातेवाईक म्हणतात तिथे पावलोपावली पैसे चारावे लागतात, केनिया काही वर यायचा नाही, मग बायको-मुलीला घेऊन यावं का? मी इथल्या इंडस्ट्रियल एरियात एका कारखान्याचे हिशेब बघतो, त्यामुळे या विषयाशी रोजचा संबंध. माझं म्हणणं, या. फक्त ‘आपल्याकडेही असंच चालतं, जमवून घेऊ’ हा आत्मविश्वास मुंबईलाच ठेवून या. इथे तुम्ही ‘मुहिंदी’, म्हणजे स्वाहिलीत भारतीय, असता. तुमच्याकडे पैसा आहे आणि तुम्ही तो मुकाट्याने देता, हे समोरच्यानं आधीच धरलेलं असतं.

पहिली गाठ बहुधा रस्त्यावर पडेल. हवालदार गाडी थांबवतो, लायसन्स बघतो, डिकीतले लाल त्रिकोण बघतो आणि मग सावकाश डावीकडचं दार उघडून शेजारच्या सीटवर येऊन बसतो. आवाज अगदी मऊ. मुलं किती, कुठल्या शाळेत, अशी चौकशी होते. मग ‘ठाण्यात कशाला, इथेच मिटवू.’ म्हणून दारं आतून लॉक ठेवायची. चूक खरंच झाली असेल तर ‘चला ठाण्यात, पावती करा’ म्हणायचं. बहुतेक वेळा तिथल्या तिथे सोडतात, कारण ठाण्यात गेलं की त्याचाही अर्धा दिवस मोडतो. घाई आहे म्हणून नोट सरकवणारे आपले लोक पुष्कळ आहेत. त्यांच्याच गाड्या पुन्हा पुन्हा अडतात, आणि मग तेच संध्याकाळी देशाला शिव्या घालतात.

सरकारी कचेऱ्यांत मात्र चित्र बदललंय. 2013 पासून हुदुमा सेंटर, म्हणजे सरकारी सेवा केंद्रं आहेत, एकाच छताखाली टोकन घेऊन कामं होतात. ई-सिटिझन या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा आणि एम-पेसावरून, म्हणजे मोबाइलवरच्या पैशांच्या सेवेतून, 222222 या एकाच क्रमांकावर पैसे भरायचे. खिडकीवरच्या माणसाच्या हातात रोकड पडत नाही, तिथे त्याचा खिसा आपोआप बंद होतो. अर्थात चोरी वरच्या मजल्यावर सरकते. ई-सिटिझनच्या हिशेबावरही इथल्या महालेखापरीक्षकांनी बोट ठेवलंय.

‘देश वर येईल का’ याचं उत्तर द्यायला जरा मागे जावं लागेल. इंग्रजांनी इथे जी यंत्रणा उभारली ती जमीन घ्यायला आणि कर वसूल करायला. खालच्या माणसाला हिशेब देणं तिच्या कामातच नव्हतं. 1963 मध्ये स्वातंत्र्य आलं, प्रांताधिकाऱ्यापासून गावच्या चीफपर्यंतची उतरंड तशीच राहिली. त्यात 1971 मध्ये एन्देग्वा आयोगानं सरकारी नोकरांना खाजगी धंदा करायला मोकळीक दिली. ठेका देणारा आणि घेणारा एकाच घरात आले.

1990 नंतर गोल्डनबर्ग या कंपनीचं प्रकरण झालं. सोनं आणि हिरे निर्यात केल्याचं कागदावर दाखवून निर्यातीला उत्तेजन म्हणून मिळणारी 35 टक्के भरपाई सरकारकडून उकळली. केनियात हिऱ्याची खाणच नाही, तरी बिलं पास होत होती! हे बाहेर काढलं कोणी, तर मध्यवर्ती बँकेतल्या डेव्हिड मुन्याकेई नावाच्या साध्या कारकुनानं. कागद त्याच्या टेबलावरून जायचे, आकडे जुळेनात, त्यानं ते विरोधी खासदारांपर्यंत पोहोचवले. त्याला अटक झाली, नोकरी गेली, 2006 मध्ये तो गरिबीतच वारला. बड्या धेंडांपैकी कोणी तुरुंगात गेलं नाही. मी हिशेबातला माणूस, त्यामुळे हे नाव माझ्या डोक्यातून जात नाही. आणि हो, त्या प्रकरणातला मुख्य व्यापारी भारतीय वंशाचा होता. इथल्या लोकांनी ते विसरलेलं नाही. विसरावं अशी अपेक्षाही आपण करू नये.

पण त्या काळात आणि आजच्यात फरक आहे, आणि मी ‘या’ म्हणतो ते त्या फरकामुळे. 2010 च्या राज्यघटनेनं माहितीचा हक्क दिला, न्यायालयांना बळ दिलं. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चक्क राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक रद्द केली. जून 2024 मध्ये करवाढीच्या विधेयकाविरुद्ध विशीतली पोरं रस्त्यावर आली, संसदेत घुसली. गोळीबार झाला, डझनावारी माणसं मेली, कित्येकांना घरून उचलून नेलं. विधेयक मागे घ्यावं लागलं. नंतर जवळजवळ सगळं मंत्रिमंडळ बरखास्त झालं, पण त्यातले बरेच चेहरे पुन्हा खुर्चीत दिसले, तेव्हा फार हुरळून जायला नको.

त्याच वर्षी नैरोबीचा विमानतळ 30 वर्षांसाठी अदानी समूहाला द्यायचा बेत होता. जुलैत कागद फुटले, सप्टेंबरमध्ये विमानतळाच्या कामगारांनी संप केला. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत अदानींवर आरोपपत्र आलं (समूहानं आरोप नाकारले), आणि राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी संसदेत तो बेत रद्द केला. खासदारांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या आठवड्यात आमच्या कँटीनमध्ये मला किती टोमणे बसले, विचारू नका. हसून घ्यायचं. प्रश्न त्यांच्या पैशाचा आहे आणि तो ते विचारतायत.

आता तुमचं. वर्क परमिटचा अर्ज कंपनीनं करायचा. पोचपावती आणि अर्जाचा क्रमांक स्वतःकडे मागून घ्या. ‘माझा माणूस आहे आत’ म्हणणाऱ्या एजंटाला एक शिलिंगही देऊ नका, खोटा शिक्का निघाला तर हद्दपारी तुमची होते, त्याची नाही. पगाराचा हिशेब हातात येणाऱ्या रकमेवर करा: प्राप्तिकर वरच्या टप्प्यात 35 टक्के, आरोग्य विम्याला 2.75 टक्के, घरबांधणी निधीला 1.5 टक्के. कंपनीत सह्यांचे अधिकार तुमच्याकडे येणार असतील तर ‘सुविधा खर्च’ अशा नावाचं व्हाउचर समोर आलं की लेखी विचारा, कशाची सुविधा. पहिल्याच महिन्यात विचारलंत तर पुढे कोणी आणून ठेवत नाही.

ऑफर शिलिंगमध्ये आहे की डॉलरमध्ये, आणि मुलगी कितवीत आहे, ते कळवा. शाळांच्या फीचं प्रकरण मोठं आहे, ते स्वतंत्र लिहितो.