झिंक सल्फेट: सूत्रातले ४० टक्के आणि पिशवीवरचे २१

भाऊ, झिंक सल्फेट खताच्या सूत्रावरून झिंक (जस्त) ४० टक्के निघतं आणि पिशवीवर २१ छापलंय, म्हणजे कंपनी लुबाडतेय, असं तुम्ही लिहिलंय. तसं नाही. तुम्ही जस्ताचा अणुभार ६५.४ भागिले रेणूभार १६१.५ केलंत, ते कोरड्या झिंक सल्फेटचं झालं. दुकानातला खडा पाण्याचे सात रेणू धरून असतो. रेणूभार २८७.५ घ्या, २२.७ टक्के येतील. २१ ही किमान हमी. ३३ टक्केवालं पाण्याचा एकच रेणू धरून असतं, तेही खरंच.

खरा घोळ तुमच्या माती परीक्षणाच्या कागदात आहे. 'जस्त ५ किलो' म्हणजे कशाचे पाच? निव्वळ जस्ताचे की सल्फेटचे? एकराला की हेक्टरला? सांगोल्याकडे आमची डाळिंबाची बाग आहे, आम्हालाही अस्साच कागद मिळाला होता. विचारायला गेलो तर प्रयोगशाळेच्या खिडकीतले साहेब म्हणाले, "कॉम्प्युटरमधनं येतंय तसं देतोय बघा, दुकानदाराला विचारा." दुकानदाराने पाच किलो सल्फेट बांधून दिलं. म्हणजे हेक्टरभर बागेला जेमतेम किलोभर जस्त! शेंड्याची पानं बारीक, शिरांमध्ये पिवळी, तशीच राहिली आणि हस्त बहार (सप्टेंबर-ऑक्टोबरचा फुलोरा) हातचा गेला. साहेब, फी मोजून घेता, मग 'निव्वळ' एवढं छापायला शाई कमी पडते का?

तेव्हा भाऊ, आधी तुमच्या प्रयोगशाळेकडून लिहून घ्या. निव्वळ जस्त हेक्टरी ५ किलो असेल, तर ५ भागिले ०.२१, म्हणजे २४ किलोच्या आसपास, एकरी साडेनऊ. ३३ टक्केवालं असेल तर एकरी सहा. हिशेब नेहमी पिशवीवरच्या टक्क्यांनी करा, वहीतल्या सूत्राने नको.

डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) खताचंही असंच. त्यावरचे ४६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइडचे असतात, निव्वळ फॉस्फरस २० च्या घरात. अहवालात कोणता धरलाय ते तिथंही विचाराच.

आणि उघडी पिशवी एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडात ठेवू नका. आपल्या सोलापूरच्या उन्हात खड्यांवर पांढरी भुकटी धरते. पाणी उडतं, जस्त तेवढंच राहतं, त्यामुळे वजनाचा हिशेब थोडा हलतो.

मी कृषी पदवीधर नाही, तुमची जमीनही पाहिलेली नाही, त्यामुळे मात्रा तज्ज्ञाकडूनच ठरवा. फक्त झिंक डीएपीत कालवून टाकू नका, त्यातल्या स्फुरदाशी (फॉस्फरसशी) बांधलं जातं. चुनखडीच्या रानात तर कुजलेल्या शेणखतात मिसळून मुळाजवळ दिलेलं बरं.