लॅब ठप्प झाली की आधी वायपीबाइंड पाहा

प्रश्न : आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत साठ लिनक्स मशिन्स आहेत आणि सगळ्या विद्यार्थ्यांची खाती एकाच एनआयएस सर्व्हरवर (खात्यांची यादी सगळ्या मशिन्सना एका जागेवरून पुरवणाऱ्या सर्व्हरवर) आहेत. सर्व्हर रीस्टार्ट केला की सगळी लॅब ठप्प होते, रूटनंसुद्धा (मशीनच्या सर्वाधिकारी खात्यानंसुद्धा) लॉगिन होता येत नाही. भर म्हणजे यंदा ज्या मशिन्सवर नवं लिनक्स टाकलं, तिथे सर्व्हर व्यवस्थित चालू असतानाही लॉगिनला अर्धा मिनिट लागतो. सर्व्हरची रॅम वाढवू का?
– प्रयोगशाळा साहाय्यक, सांगली

उत्तर : रॅमवर पैसे घालवू नका. एनआयएसच्या सर्व्हरला काम असतं ते फार थोडं. वायपीसर्व्ह हा डीमन (मागे सतत चालू राहणारा प्रोग्रॅम) एक छोटी डीबीएम फाइल, म्हणजे ‘मॅप’, उघडतो, मागितलेलं नाव त्यात शोधतो आणि ती एक ओळ परत पाठवतो. नावावरून शोधायला पासडब्ल्यूडी.बायनेम हा मॅप, यूआयडीवरून (खात्याच्या क्रमांकावरून) शोधायला पासडब्ल्यूडी.बाययूआयडी हा वेगळा मॅप. साठ मशिन्सचा हा भार जुनंपानं मशीनही सहज पेलतं. सन मायक्रोसिस्टिम्सनं ही सेवा 1985च्या सुमारास आणली, तेव्हाच्या वर्कस्टेशनची मेमरी काही मेगाबाइटांत मोजत. (तेव्हा तिचं नाव यलो पेजेस होतं. ब्रिटनमध्ये तो ब्रिटिश टेलिकॉमचा ट्रेडमार्क निघाल्यानं नाव बदललं, पण कमांडच्या आधी लागणारं ‘वायपी’ तसंच राहिलं.)

तुमचं दुखणं क्लायंटकडे, म्हणजे सर्व्हरला विचारणाऱ्या मशिन्सकडे, आहे. प्रत्येक मशीनवर वायपीबाइंड नावाचा डीमन चालतो. आपल्या डोमेनचा (एका एनआयएसखालच्या मशिन्सच्या गटाचा) सर्व्हर कुठे आहे हे शोधून ठेवणं एवढंच त्याचं काम. खातं शोधणारी सी लायब्ररी आधी त्याला पत्ता विचारते आणि मग थेट वायपीसर्व्हशी बोलते. लिनक्सवरचा वायपीबाइंड दर 20 सेकंदांनी सर्व्हर जिवंत आहे का ते तपासतो. तो गेला असेल तर यादीतला दुसरा पकडतो. तुमच्या यादीत दुसरा नाहीच, म्हणून लॉगमध्ये ‘डोमेन नॉट बाउंड’ येत राहतं आणि लॉगिन करणारा ताटकळतो.

रूट का अडकतो, हे नीट समजून घ्या, कारण अडचणीच्या वेळी तेवढंच एक दार हाताशी असतं. रूटचं खातं मशीनवरच्याच फाइलमध्ये असतं, ते लगेच सापडतं. पण लॉगिन होताना तो कोणकोणत्या ग्रुपांत आहे याचीही यादी बनते, आणि ती बनवताना एनएसस्विच.कॉन्फमध्ये (कोणती माहिती कुठे शोधायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) लिहिलेले सगळे स्रोत विचारले जातात. तिथे ‘ग्रुप’च्या ओळीत ‘फाइल्स’नंतर ‘एनआयएस’ असेल, तर रूटच्या लॉगिनलाही एनआयएसच्या उत्तराची वाट पाहावी लागते.

यावर उपाय म्हणजे एक स्लेव्ह सर्व्हर, म्हणजे मुख्य (मास्टर) सर्व्हरच्या मॅपांची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर. लॅबमधलंच एखादं कायम चालू राहणारं मशीन घ्या, त्यावर वायपीसर्व्ह बसवा आणि ‘वायपीइनिट’ला ‘एस’ पर्याय व मास्टरचं नाव देऊन चालवा. मास्टरवरच्या वायपीसर्व्हर्स मॅपमध्ये त्याची नोंद करा, व्हार-वायपी डिरेक्टरीतल्या मेकफाइलमधलं ‘नोपुश’ फॉल्स करा आणि तिथेच ‘मेक’ चालवा. मग प्रत्येक क्लायंटच्या वायपी.कॉन्फमध्ये दोन्ही सर्व्हरचे पत्ते लिहा, आयपी आकड्यांतच लिहा. नावं लिहिली आणि ती नावंही एनआयएसमधूनच शोधायची असली, तर कोंबडी आधी की अंडं असा घोळ होतो. शेवटी ‘वायपीविच’ टाइप करा. आत्ता हे मशीन कोणत्या सर्व्हरला बांधलेलं आहे, ते एका ओळीत कळतं. मास्टर बंद करून तीच कमांड पुन्हा द्या. उत्तरात स्लेव्हचं नाव आलं की काम झालं.

आता नव्या मशिन्सवरचा अर्धा मिनिट. इथे वायपीबाइंड निर्दोष आहे. सिस्टिमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) 235व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2017पासून, लॉगिनचा हिशोब ठेवणाऱ्या लॉगिनडी या सेवेला नेटवर्क वापरायची बंदी आहे. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. पण तुमच्या विद्यार्थ्याचं खातं नेटवर्कपलीकडे असतं. लॉगिनडी ते शोधायला जातो, त्याला वाट मिळत नाही आणि सुमारे 25 सेकंदांची मुदत संपेपर्यंत लॉगिन लोंबकळतं. त्या मशिन्सवर एनएससीडी (खाती शोधून देणारा आणि ती जवळ साठवणारा डीमन) बसवून चालू करा. मग लॉगिनडी मशीनमधल्या मशीनमध्ये एनएससीडीला विचारतो आणि बाहेर जायचं काम एनएससीडी करतो. लॉगिनडीवरची बंदी उठवण्याची युक्तीही तुम्हाला कोणी सुचवेल. ती करू नका.

प्रश्न : विद्यार्थी पासवर्ड बदलतात. मग काही मशिन्सवर नवा चालतो, काहींवर जुनाच. असं का?
– संगणक शिक्षिका, बेळगाव

उत्तर : तुमच्याकडे स्लेव्ह आहे आणि तो मागे पडला आहे. ‘वायपीपासडब्ल्यूडी’नं दिलेला नवा पासवर्ड नेहमी मास्टरवरच लिहिला जातो. मग मास्टर मॅप पुन्हा बनवून स्लेव्हकडे ढकलतो. त्या क्षणी स्लेव्ह बंद असला तर त्याला काही कळत नाही, आणि पुन्हा चालू झाल्यावर तो आपणहून चौकशीही करत नाही. त्यासाठी ‘वायपीएक्सएफआर-वन-पर-अवर’ नावाची तयार स्क्रिप्ट येते, ती स्लेव्हच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेत) तासाला एकदा लावा.

प्रश्न : एनआयएस असुरक्षित आहे असं ऐकतो. आमचं नेटवर्क आतलंच आहे, बाहेरचं कोणी येत नाही. तरी बदलायलाच हवं का?
– सिस्टिम अ‍ॅडमिन, नागपूर

उत्तर : हो, बदलायलाच हवं. माझ्या शब्दावर विसंबू नका. एखाद्या विद्यार्थ्याच्या साध्या खात्यातून लॉगिन करा आणि ‘वायपीकॅट पासडब्ल्यूडी’ चालवा. पडद्यावर अख्ख्या महाविद्यालयाची यादी सरकत जाईल. प्रत्येक ओळीत दुसऱ्या रकान्यात नुसता ‘एक्स’ दिसला तर थोडं बरं. डॉलरच्या चिन्हानं सुरू होणारी लांब अक्षरमाळ दिसली, तर तो त्या व्यक्तीच्या पासवर्डचा हॅश, म्हणजे पासवर्डपासून गणितानं बनवलेली खूण, आहे. पेन ड्राइव्हवर घरी नेऊन तो निवांत फोडत बसता येतो. त्या यादीत प्राध्यापक असतात, परीक्षा विभागाची माणसं असतात, आणि यातल्या अनेकांचा ईमेलचा पासवर्डही तोच असतो.

शॅडो मॅप (हॅश असलेला मॅप) वेगळा ठेवला की भागतं, असा समज आहे. तो मॅप वायपीसर्व्ह फक्त 1024च्या खालच्या पोर्टवरून विचारणाऱ्याला देतो, म्हणजे रूटला. पण स्वतःच्या लॅपटॉपवर प्रत्येक विद्यार्थी रूटच असतो. डोमेनचं नाव कळलं आणि लॅबची केबल लॅपटॉपला लावली की झालं. सेक्युअरनेट्स फाइलमध्ये तुमच्या सबनेटची (लॅबच्या आयपी पत्त्यांच्या पट्ट्याची) ओळ आजच लिहा, ती फाइल नसेल तर वायपीसर्व्ह कोणालाही उत्तर देतो. पण आतल्या केबलवरच्या लॅपटॉपला तीही अडवत नाही. शिवाय माहिती तारेवरून उघडीच जाते.

रेड हॅटनं एंटरप्राइझ लिनक्स 9मधून एनआयएस काढूनच टाकलं, तेव्हा फार वेळही हातात नाही. एनआयएसच्या जागी एलडॅप ही खात्यांची माहिती पुरवणारी दुसरी पद्धत घ्या. ओपनएलडॅपचा एसएलएपीडी सर्व्हर टीएलएससह (तारेवरची माहिती कूटबद्ध करून) उभा करा आणि क्लायंटवर वायपीबाइंडच्या जागी एसएसएसडी (एलडॅपला विचारणारा डीमन) बसवा. एनआयएसच्या मॅपमधली माहिती एलडॅपमध्ये कशी मांडायची ते 1998च्या आरएफसी 2307 या तांत्रिक दस्तऐवजात लिहून ठेवलेलं आहे, आणि जुने हॅश क्रिप्ट स्वरूपात तसेच नेता येतात. म्हणजे हजार विद्यार्थ्यांना रांगेत उभं करून नवे पासवर्ड वाटायची वेळ येत नाही. तरी सगळे हलवून झाले की एका सत्रात प्रत्येकाला पासवर्ड बदलायला लावा. जुने हॅश इतकी वर्षं उघड्यावर होते.

एसएसएसडीच्या सेटिंगमध्ये ‘कॅश क्रेडेन्शियल्स’ ट्रू करायला विसरू नका. एलडॅप सर्व्हर बंद असतानाही, त्या मशीनवर पूर्वी लॉगिन केलेल्या विद्यार्थ्याला मग आत जाता येतं. बदल एका लॅबपासून सुरू करा, दोन्ही सेवा एक सत्र शेजारीशेजारी चालू द्या, आणि शेवटचा क्लायंट हलल्यावर वायपीसर्व्ह नुसता थांबवू नका, पॅकेजच काढून टाका. राहिलेले मॅप व्हार-वायपीमध्ये पडून असतात, तेही पुसा.